सबमिटचं बटण

खोपटला एसटी डेपोजवळ एक जण कॉलेजच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरून देतो. मुलीला घेऊन मी गेलेलो. त्याने उत्पन्नाच्या दाखल्यापासून सगळं भराभर अपलोड केलं. पण शेवटी माऊस तिच्याकडे सरकवला आणि हात मागे बांधून उभा राहिला. आधीच्या दोघांनाही त्याने असंच केलेलं. मला मेली चौकशीची खोड.

"दादा, एवढं एक क्लिक तुम्हीच का नाही करत?"

"माझा फॉर्म भरणारा म्हणालेला, झालं, जा घरी. मी गेलो. त्याच्याकडून सबमिट करायचंच राहिलेलं. फी भरता आली नाही, कॉलेज सुटलं."

मुलीने क्लिक केलं.

"अर्ज क्रमांक आला? मोठ्याने वाच, ताई."

तिने शेवटचा आकडा वाचला, तेव्हा कुठे त्याने हात सोडले.