चहाच्या खोक्यातल्या दोन खोल्या

माझ्या वहीत प्रत्येक कामाचे तीन रकाने असतात: ठेवायचं, दुरुस्त करायचं, टाकायचं. आई गेल्यावर तिचं घर आवरलं तेही याच तीन रकान्यांवर. दीड दिवसात दोन खोल्या रिकाम्या केल्या आणि घरमालकाला किल्ली दिली. नातेवाइकांनी माझं कौतुक केलं. बाहुल्यांचं घर तेव्हा 'दुरुस्त करायचं'मध्ये गेलं आणि हिमायतनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये माळ्यावर सहा वर्षं पडून राहिलं.

घर म्हणजे प्लायवूडचं चहाचं खोकं. बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. तिथलं एक फुटकं खोकं त्यांनी मागून आणलं, आडवं केलं, मधे फळी ठोकली. झाल्या दोन खोल्या. समोरची बाजू बिजागरीवर उघडायची. बाबांचं काम एवढंच. आतलं सगळं सामान माझ्या धाकट्या बहिणीनं केलं. ती तेव्हा सात वर्षांची होती, मी बारा.

धाकटी आता दिलसुखनगरला राहते. तिचं सासर तेलुगू. दसऱ्याच्या नवरात्रात त्यांच्याकडे कोलुवू मांडतात. लाकडी पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरी चादर घालायची आणि घरातल्या जुन्या-नव्या सगळ्या बाहुल्या बसवायच्या. नऊ दिवस गल्लीतल्या बायका बघायला येतात, हळदीकुंकू होतं. यंदा राखीपौर्णिमा झाल्यावर तिचा फोन आला.

"ताई, ते घर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. माळ्यावर."

"यंदा खालच्या पायरीवर ठेवते म्हणते. अत्तय्या म्हणाल्या, इतकी वर्षं आमच्याच बाहुल्या मांडतेस, तुझ्या माहेरचं काही नाही का?" अत्तय्या म्हणजे तिच्या सासूबाई.

"मी नीट करून देते."

"नीट काय करायचंय? धूळ झटक, बस."

"तू बघच."

"हौ, बघते. पण ताई, जास्त करू नको हं. तुझा हात लागला की वस्तू ओळखू येत नाही."

ती हसत म्हणाली, म्हणून मीही हसले.

मी कामाला लागले. ऑफिसातून आलं की रोज एक तास. कडांच्या पत्र्याच्या पट्ट्या गंजल्या होत्या, त्या काढल्या. मागचा एक कोपरा वाळवीनं खाल्ला होता, तेवढा कापून नवा तुकडा बसवला. फुगलेल्या प्लायवूडला काचकागद मारला, भेगांत लांबी भरली, वर प्रायमरचा हात दिला. एकेक काम झालं की वहीत खूण करायची. असं काम मला आवडतं.

राहिलं आतलं सामान. ते एका बिस्किटाच्या डब्यात होतं. मी वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळं ओतलं.

बामच्या डबीच्या पत्र्याची ट्रंक. औषधाच्या बाटलीच्या बुचाचा स्टोव्ह. आइस्क्रीमच्या चमच्यांचे चार पाट. आईच्या जुन्या पातळाच्या चिंध्यांच्या तीन वळकट्या, दोऱ्यानं बांधलेल्या. काडेपेटीचं देवघर. एक शिलाई मशीन. आणि दोन टाचण्यांना बांधलेली दोरी, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारी, तिच्यावर बाबांचं बोटभर बनियन, आईचा टॉवेल, माझा शाळेचा फ्रॉक.

ते आमचंच घर होतं. नारायणगुड्यातल्या आमच्या दोन खोल्या, जशाच्या तशा. पलंग नाही कारण आम्हाला पलंग नव्हता. पावसाळ्यात कपडे आतच वाळायचे म्हणून दोरी.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सातवीत शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. प्रत्येकीनं काहीतरी न्यायचं. माझं काही तयार नव्हतं. मी धाकटीचं घर मागितलं. तिनं एकच विचारलं, "परत आणशील ना?" बाबांनी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून शाळेत पोचवलं आणि तसेच धक्क्यावर गेले. टेबलावर ठेवून मी समोरची बाजू उघडली. बाजूच्या टेबलावर पुठ्ठ्याचे बंगले होते, गॅलरीवाले, मोटार उभी असलेले. माझ्या वर्गातली एक मुलगी, जिच्यासारखं बोलायला आणि चालायला मला आवडायचं, वाकून आत बघायला लागली. दोरीवरच्या बनियनला तिनं बोट लावलं.

"ये किसका घर है?"

"हमारी कामवाली का," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते लगेच निघालं, जणू आधीपासून तयार होतं. आमच्याकडे कामवाली नव्हती. आईच दुसऱ्यांचे ब्लाउज शिवायची, ते मशीन त्याच्यासाठीच होतं. मी मान वर केली तर टेबलाच्या पलीकडे दुसरीच्या वर्गातल्या मुलींची रांग उभी होती, आणि रांगेत धाकटी.

तिनं घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. घर परत आलं तेव्हा तिनं समोरची बाजू लावली, सुतळीनं बांधली आणि नंतर कधी उघडली नाही. मी वाट बघत होते की ती भांडेल. आठवडा गेला, महिना गेला. मग मी ठरवून टाकलं की तिनं ऐकलंच नसेल. सात वर्षांच्या मुलीला काय कळतंय.

तर ते सगळं सामान वर्तमानपत्रावर पडलेलं होतं, आणि माझ्या डोक्यात दिलसुखनगरच्या त्या बायका आल्या. कांजीवरम नेसून येणार, खालच्या पायरीशी वाकणार, आणि माझ्या बहिणीचं माहेर म्हणून हे बघणार. मी पट्टी घेतली. बाहुल्यांच्या घरात एक फूट म्हणजे एक इंच असं प्रमाण धरतात, हे मी व्हिडिओंत बघून शिकले होते. स्टोव्ह ट्रंकेपेक्षा मोठा निघाला. वळकटी दारातून आत जाणार नाही एवढी. मी वहीत लिहिलं: 'आतलं सामान. प्रमाणात नाही. टाकायचं.'

पट्टी खोटं बोलत नव्हती. मी बोलत होते.

सकाळी कचऱ्याची रिक्षा गाणं वाजवत आली तेव्हा मी तो सामानाचा डबा स्वतः खाली नेऊन दिला. एरवी ते काम वॉचमन करतो.

मग तीन आठवडे मी नवं सामान केलं. स्पंजाचा सोफा, त्याला मरून कापड. काचेच्या गोल तुकड्याचं जेवणाचं टेबल, भोवती चार खुर्च्या, एकूण एक प्रमाणात. साबणाच्या खोक्याचा फ्रीज, त्याला टाचणीची मूठ. जोडपलंग, उशा, पडदे. भिंतींना फिकट पिवळा रंग. खरं सांगते, सुंदर झालं होतं.

नवरात्र बसायला सहा दिवस असताना धाकटी बघायला आली. मी चहा टाकला, मग टेबलावरच्या घरावरून ओढणी काढली आणि समोरची बाजू उघडली.

तिनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. फ्रीज उघडून बघितला.

"दोरी कुठंय?"

"अगं, वाळवी लागली होती."

"दोरीला?"

"सगळ्यालाच. मागचा कोपरा पूर्ण गेला होता, मी नवा बसवलाय, हे बघ..."

"पत्र्याच्या ट्रंकेला पण वाळवी लागली?"

चहा उतू गेला. मी उठून गॅस बंद केला आणि ओट्याशीच उभी राहिले. ओटा पुसला. पुसलेला परत पुसला.

मागून तिचा आवाज आला, अगदी साधा. "कामवालीचं घर होतं ना ते. बरंय. तिला सोफा परवडला."

चाळीस वर्षं झाली होती. तिनं एक अक्षर विसरलेलं नव्हतं.

मला वाटलं होतं की अशा वेळी माणूस रडतं किंवा पाय धरतं. मी फडकं हातात घेऊन उभी होते आणि म्हणत होते, "साखर किती घालू?"

"ताई."

"हं."

"तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. ते मी सोडून दिलं असतं. पण आत्ता?"

तिनं चहा घेतला, कप विसळून ठेवला. दाराशी चपला घालताना म्हणाली, "घर तुझ्याकडेच राहू दे. अत्तय्यांना सांगते मी काहीतरी. वाळवी लागली म्हणून सांगते."

ती गेल्यावर मी वही उघडली. दुसरं काही सुचलं नाही. पानावर लिहिलं: 'काय काय होतं.' वाटलं होतं चार वस्तू आठवतील. चौदा आठवल्या. ट्रंकेवर खिळ्यानं कोरलेलं बाबांचं आडनाव आठवलं, वळकट्यांपैकी मधली हिरवी होती हे आठवलं. मला तेव्हा प्रत्येक वस्तूची वेगळी लाज वाटली होती, म्हणून प्रत्येक वेगळी लक्षात राहिली होती. धाकटीनं त्या प्रेमानं केल्या. मी त्या पाठ केल्या दुसऱ्याच कारणानं.

मी काम करते त्या कॉलेजच्या कार्यालयात दोन दिवसांची रजा टाकली. आधी सोफा, टेबल, पलंग, फ्रीज, पडदे काढले. पिवळ्या रंगावर चुना दिला, कारण आमच्या भिंतींना चुनाच होता. मग सामान. चारेक कोपऱ्यांवरच्या दुकानांत हिंडून पत्र्याच्या डबीतला बाम मिळवला, हल्ली तो प्लास्टिकमध्येच येतो. कात्रीनं पत्रा कापताना अंगठा कापला. आईचं एकच पातळ मी ठेवलेलं आहे. त्याच्या पदराआडची पट्टी कापायला कात्री लावली, थांबले, पुन्हा लावली. वळकट्या मुद्दाम मोठ्या केल्या. स्टोव्ह ट्रंकेपेक्षा मोठा. पट्टी खणात ठेवून दिली.

हे करताना मला बरं वाटत होतं असं नाही. सात वर्षांच्या बोटांनी केलेल्या वस्तूची नक्कल बावन्न वर्षांची बोटं करत होती, आणि ती नक्कल फार सफाईदार येत होती. खरं सामान शहराबाहेरच्या कुठल्यातरी ढिगाऱ्यात होतं आणि ते मीच खाली नेऊन दिलेलं होतं.

मशीन जमलं नाही. धाकटीनं ते एका मोडक्या चापापासून केलं होतं की बटणापासून, चाक कसं फिरायचं, काही केल्या आठवेना. अंदाजानं काहीतरी करून ठेवणं सोपं होतं. मी त्याची जागा रिकामी ठेवली.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी सकाळी घर चादरीत बांधून ऑटोनं दिलसुखनगरला गेले. फोन केला नव्हता, केला असता तर ती नको म्हणाली असती. दार तिनंच उघडलं. मी गाठोडं खाली ठेवलं आणि ऑटोत पाठ केलेलं बोलले, "मी ते सगळं कचऱ्यात दिलं. त्या सामानाला वाळवी नव्हती. मला लाज वाटली, तेव्हाही आणि आताही. हे मी परत केलंय, पण हे ते नाही."

अत्तय्या मागे पायऱ्यांवर चादर सारखी करत होत्या. त्यांना मराठी थोडं कळतं. त्या तेलुगूत म्हणाल्या, आधी आत तर घे तिला, दारात काय बोलताय.

धाकटीनं गाठोडं सोडलं. समोरची बाजू उघडली. एकेका वस्तूला बोट लावत गेली. मशीनच्या जागी बोट थांबलं.

"मशीन?"

"आठवलं नाही."

ती आत गेली. तिनं घर उचललं नाही आणि परत ने असंही म्हटलं नाही. अत्तय्यांनीच ते खालच्या पायरीवर ठेवलं आणि मला बाहुल्या पुसायला फडकं दिलं. मी दिवसभर तिथंच राहिले, सांगेल ते काम करत. धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलली.

संध्याकाळी बायका आल्या. एकजण, कांजीवरमच नेसलेली, खालच्या पायरीशी वाकली. "ई इल्लु एवरिदि?" तिनं विचारलं. हे घर कुणाचं?

विचारलं होतं धाकटीला. ती हरभऱ्याच्या उसळीच्या वाट्या घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत राहिली.

"मादि," मी म्हणाले. आमचं. आवाज नको तेवढा मोठा आला. "मा अम्मा-नान्ना इल्लु." आमच्या आईबाबांचं घर. मग मला थांबताच येईना. दोनच खोल्या होत्या म्हणून सांगितलं, पलंग नव्हता म्हणून सांगितलं, आई ब्लाउज शिवायची म्हणून सांगितलं, हे बनियन आमच्या बाबांचं, ते बघा, त्याला भोक पण आहे. बाई सभ्यपणे मान हलवत होत्या. त्यांना काय त्याचं. उत्तर बरोबर होतं, पण ते ज्या टेबलापाशी द्यायचं होतं तिथं मी दिलं नव्हतं, आणि बाबा सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले त्यालाही चाळीस वर्षं झाली.

बाई दुसऱ्या बाहुल्यांकडे वळल्या. धाकटी जवळ आली, गुडघ्यावर बसली आणि दोरी जरा ताणली.

"भोक डाव्या खांद्याला होतं, ताई," ती म्हणाली. "तू उजव्याला पाडलंयस."

मी पिशवीतून वही काढली आणि 'दुरुस्त करायचं'खाली ते लिहून घेतलं.