देवरावच्या दुकानातल्या मशिनी

देवराव आणि मी जुने व्हॅक्यूम क्लीनर गोळा करतो असं सांगितलं, की लोक आधी हसतात. मग त्यांना कुणाकडे तरी पाहिलेली एखादी मशीन आठवते, आणि आम्ही तिकडे निघतो. मशीन मिळतेच असं नाही. पण माणूस भेटतो, चहा होतो आणि परत येताना सांगण्यासारखं काही ना काही सोबत असतं. आता तर मशिनींपेक्षा किस्सेच जास्त झालेत. मशिनी ठेवायला निदान माळा तरी आहे!

देवरावचं भंडाऱ्यात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंप, कूलर, पंखे यांवर त्याचं घर चालतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता रिटायर झालो. पहिली मशीन आम्हाला तुमसरच्या भंगारवाल्याकडे सापडली. खाणीकडच्या कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्यातून आलेलं लांबट लोखंडी नळकांडं, खाली घसरायला दोन पट्ट्या. देवरावनं मोटारीतले झिजलेले कार्बन बदलले, वायंडिंग नव्यानं भरलं. मी ती हौसेनं घरी नेली आणि बैठकीत सुरू केली. आवाज असा, की शेजारचे गेटपाशी येऊन उभे राहिले. माझी बायको कल्पना दारात उभी राहून सगळं शांतपणे बघत होती. मी बटण बंद केल्यावर म्हणाली, "झालं? आता सरका, मले झाडू द्या."

एकोडीला हेमराजभाऊंकडे एक मशीन आहे असं कळलं. गेलो तर ती खळ्यावर चालू. या जुन्या मशिनी पुढून हवा ओढतात आणि मागून फेकतात. भाऊंनी नळी मागच्या तोंडाला लावली होती आणि धानाच्या ढिगावरचा भुसा उडवत होते. काम एकदम साफ.

देवराव म्हणाला, "भाऊ, हे घर झाडायची मशीन होय जी."

"मालूम हाये," भाऊ म्हणाले. "पण घर माह्यं मातीचं, शेणानं सारवलेलं. इनं ओढलं त घरच जाईल ना अंदर."

ती मशीन अजून त्यांच्याकडेच आहे.

एका उभ्या मशिनीची कापडी थैली पार कुजली होती. देवरावची बहीण अड्याळला राहते, तिच्या ओळखीचा एक टेलर होता. बाजाराच्या दिवशी आम्ही मशीनच घेऊन गेलो. त्यानं गळ्यातला टेप काढला, दांड्यापासून खालपर्यंत माप घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "गळा कसा ठेवू? बंद का खुला?"

बंद सांगितला. आठवड्यानं थैली आणायला गेलो. शिलाई अशी सुरेख, की कंपनीनंही केली नसती. फक्त बाहेरून, डाव्या बाजूला, एक खिसा होता.

"हे कायले?" देवरावनं विचारलं.

"राहू द्या जी. चाबी-गिबी ठेवाले कामी येते."

आता त्या खिशात आम्ही जास्तीचे कार्बन ठेवतो.

आमचं दोघांचं एकदाच बिनसलं. माझं म्हणणं, जुन्या मशिनीचा मूळ रंग जसा असेल तसा ठेवायचा, ओरखड्यासकट. मी मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला गोंदियाला गेलो. परत आलो तर आंबागडहून आणलेल्या मशिनीला देवरावनं चंदेरी रंग मारून ठेवला होता. पंपाला मारतात तोच. खालचा हिरवा रंग पूर्ण गेला. तसा हिरवा मी पुन्हा कुठं पाहिलेला नाही.

मला फार लागलं. दुकानात जाणं बंद केलं. शेवटी देवरावच घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "सर, एक विचारू? लग्नाले जाताना तुमी डाय करून गेले होते ना?"

कल्पना आतल्या खोलीतून हसली. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात जायला लागलो.

आणि ही सुलोचनाबाईंची मशीन. बाई पवनीकडच्या, आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात. नवऱ्याला दमा होता, झाडूची धूळ सोसायची नाही, म्हणून दोघांनी नागपूरहून ही मशीन आणली होती. नव्या घरात ती खोक्यातून निघालीच नाही. पुढे नवरा वारला. गेल्या उन्हाळ्यात बाई ती घेऊन दुकानात आल्या.

"सुरू करून द्या जी. वस्तीत लय धूळ येते."

देवरावनं खटके उघडले. आतली थैली गच्च भरलेली. तो ती झटकायला नालीकडे निघाला, तशा बाई स्टुलावरून उठल्या.

"थांबा."

त्यांनी थैली हातात घेतली आणि दोन बोटांनी थोडं बाहेर काढलं. राखाडी धूळ, धानाचं तूस, हिरव्या बांगडीचा तुकडा, पिवळी माती.

"हे भिंतीची माती. आमच्या ओसरीची."

देवराव माझ्याकडे बघायला लागला. बाई उभ्याउभ्याच सांगू लागल्या. गाव सोडायच्या आदल्या दिवशी सामान ट्रॅक्टरवर चढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विजेची लाइन कापणार होते. आणि नवरा रिकाम्या घरात मशीन लावून एकेक खोली झाडत होता. कोनाडे, कोपरे, चुलीची जागा, सगळं.

"मी म्हणलं, उद्या पाण्यात जाणाऱ्या घराले कायले झाडून राहिले तुमी? लोक हासून राहिले. पण हे झाडतच राहिले."

त्यांनी थैलीचं तोंड रुमालानं बांधलं.

"मशीन शनिवारपर्यंत होऊन जाईल, बाई," देवराव म्हणाला.

"मशीन राहू द्या तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या, आणि थैली पदराखाली धरून पवनीच्या बसकडे निघाल्या.