शुभदाचे चिखलाचे बूट

मंडळी, आज माझ्या पुतणीचं, शुभदाचं वर्षश्राद्ध झालं. इथल्याच शाळेत शिकवायची, रविवारी मुलींना बेतवा नदीच्या काठी पक्षी दाखवायला न्यायची. तापानं गेली बिचारी. तेव्हापासून तिची आई, म्हणजे माझ्या जाऊबाई, घराबाहेर पडल्याच नाहीत.

श्राद्धात जोडे दान करतात. नवे आणलेच होते, पण मी म्हटलं, तिचे नदीवर घालायचे चिखलाचे बूटही कुणा गरजूला देऊ.

"हात लावू नकोस गं! चिखलसुद्धा तिचाच आहे."

जाऊबाई ओरडल्या. मी बूट होते तिथंच ठेवले.

जेवायला तिच्या विद्यार्थिनी आल्या होत्या. एकीनं विचारलं, "आंटी जी, अब हमें नदी पर कौन ले जाएगा?"

जाऊबाईंनी तेच बूट पायांत घातले. "मैं चलूँगी. पर चिड़ियों के नाम तुम बताना."

देवापाशी सांजवात लावून लिहितेय. त्या नदीवरून अजून परतल्या नाहीत, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मला त्यांची काळजी वाटत नाहीये.