रायफलीवरचे गोल ओरखडे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवांत बसलो की जी घटना सगळ्यात आधी आठवते, ती एका रायफलीवरच्या गडद डागाची आहे.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या दक्षिणेकडील एका ठाण्याचा प्रभारी फौजदार होतो. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं; पुढे कुहीच्या बाजूला धानाची शेतं आणि झुडपी जंगल. दसरा नुकताच झाला होता. आमचा नेहमीचा खबऱ्या चहाच्या टपरीमागे भेटला.

"साहेब, जंगलात चितळ पडलं जी. बंदूक तुमच्याच ठाण्याची होती म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आता सारेच म्हणून राहिले."

"सारेच" म्हणतात तेव्हा बहुधा कोणीच पाहिलेलं नसतं. तरी ठाण्यावर येऊन मी साखळीकुलपात ठेवलेल्या रायफली उजेडात काढल्या. काडतुसं हिशेबात बरोबर होती. पण एका थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या मॅगझिनवरचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीवरचा, काळा रंग बाकीच्या पोलादापेक्षा गडद होता. रायफल तिरपी धरली, तर त्या रंगाखाली बारीक गोल गोल ओरखडे दिसले. कोणीतरी तेल पुसून, जागा कोरडी करून, पोलाद काळं करायचं औषध लावलं होतं. हात हलका आणि सफाईदार. एवढ्या किरकोळ ओरखड्यांसाठी इतकी मेहनत कशाला, हा प्रश्न मला सोडेना.

रायफलींचा ताबा एका जुन्या हवालदाराकडे होता. निवृत्ती जवळ आलेली, सेवापुस्तक स्वच्छ. त्याला समोर उभं केलं.

"हा रंग कोणी लावला?"

"मीच जी साहेब. इतवारीच्या बाजारातून औषध आणलं."

"ओरखडे कशाने पडले?"

तो रायफलीवरून नजर काढून भिंतीकडे पाहू लागला.

"जंगलात नेली होती?"

"नाही जी! ठाण्याच्या बाहेर नाही गेली ती."

"मग सांगत काहून नाही?"

"ते नाही सांगता येत साहेब. पाहिजे तर पट्टा उतरवून घ्या."

मी वर अहवाल पाठवला असता तर त्याचं निलंबन ठरलेलं होतं, आणि त्यातून नोकरी वाचणं कठीण. दोन वेळा विचारलं, समजावलं, दरडावलं. उत्तर तेच. खोटं बोलणारा माणूस काहीतरी गोष्ट रचतो, हा माझा अनुभव. हा गोष्टच रचत नव्हता. शिवाय काट्याकुट्यातून गेलेल्या रायफलीचा लाकडी दस्ता आधी ओरबाडतो. इथे दस्त्यावर रेघ नव्हती.

दुपारी क्वार्टरवर जेवायला गेलो. आई मागच्या अंगणात देवाचा तांब्या घासत होती. चिंच, राख, नारळाची शेंडी, आणि गोल गोल फिरणारा हात. तांब्या उन्हात झळकला आणि त्यावरचे बारीक गोल ओरखडे पाहून मी तिथेच थांबलो.

दसऱ्याला ठाण्यावर शस्त्रपूजा असते. आईने दुसऱ्याच्या शेतात राबून मला कुहीच्या शाळेत आणि पुढे कॉलेजात शिकवलं. घराण्यात पहिला पदवीधर मी. म्हणून त्या वर्षी पूजेचा मान मी तिला दिला होता. बंदोबस्तामुळे मी मात्र आरतीलाच पोचलो, तेव्हा पूजेला मांडलेली रायफल हळदकुंकवाने आणि झेंडूने झाकलेली होती.

"आई, पूजेच्या आधी रायफल घासली होतीस का?"

"घासली नाही त का! तेलानं चिकट झाली होती. अशा पारोशा हत्याराले कुंकू लावते का कोणी? हवालदार फुलं आणाले गेले, तेवढ्यात पूजेच्या तांब्यासंगं तिलेही हात मारला. लई काळं बसलं होतं गा. चिंचेनं कशी लख्ख निघाली!"

चिंचेने पोलादावरचा काळा रंग उतरला होता आणि राखेने ओरखडे पाडले होते. परत येऊन हवालदाराला फक्त "आईला तांब्या घासताना पाहिलं" एवढंच म्हणालो. त्याने मान खाली घातली.

"साहेब, आईसाहेबांचं नाव कागदावर कसं आणू? अन् रायफल सोडून फुलं आणाले मीच गेलो नं जी."

आता प्रश्न माझा होता. संध्याकाळी चाचरत आईला म्हणालो, "तुझा जबाब घ्यावा लागेल."

"मंग घे नं! मी का चोरी केली? त्या बिचाऱ्याची भाकर जाऊन राहिली, अन् तू मले इचारत बसला."

तिने सांगितलं तसंच दुसऱ्या अधिकाऱ्याने उतरवलं. खाली तिने अंगठा दिला. हवालदाराला हत्यार सोडून गेल्याबद्दल ताकीद मिळाली, मलाही वरून चार शब्द ऐकावे लागले. चितळ मारणारा पुढे दारू ठासून उडवायच्या भरमार बंदुकीसह वनखात्याला सापडला.

तेव्हापासून लपवलेली खूण दिसली की मी आधी गुन्हा शोधत नाही. ती कोणासाठी लपवली, हे शोधतो.

पुढच्या दसऱ्याला आई पुन्हा ठाण्यावर आली. हवालदार रायफल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.

"आईसाहेब, यंदा फक्त फुलं वाहा जी."

आईने फूल वाहिलं, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "हौ. पण काळीच दिसून राहिली गा."