मौतीच्या घरून नेलेला आवाज

आमच्या सिंधीपुऱ्यात कुणाकडे मौत झाली की आधी सिंधूला सांगावा जायचा, मग बाकीचं. ती पैसे घेऊन रडणारी नव्हे हो! तसं कुणी म्हटलं तर मी त्याचं थोबाड रंगवीन. माझी शेजारीण आहे ती, नवरा नामदेव कापडाच्या लूमवर कामाला जातो. पण गेलेल्या माणसाला शब्दांनी कसं रडावं, हे तिच्या आईनं तिला दिलं होतं. हेल काढून ती त्या माणसाची एकेक वस्तू सांगायची, त्याचा चष्मा, त्याचा अडकित्ता, अन् दगडासारखे बसलेले लेकसुद्धा धाय मोकलून रडायचे. रडले की मोकळे व्हायचे बिचारे.

एक मात्र होतं. मयत नसताना तो सूर काढायचा नाही. मी एकदा पापड लाटता लाटता गंमत म्हणून तिची नक्कल केली, तर बाईनं लाटणंच उगारलं माझ्यावर.

"निर्मलाताई, जित्या माणसावर असं रडू नये वं. मरण घर पाहून ठेवतं."

मी हसले होते तेव्हा. मला कुठं खरं वाटतं असलं काही!

मग तिची धाकटी कोमल गेली. कॉलेजात होती, डेंगूनं नेली पोरीला. कोमलची दापोऱ्याची मावशी, मालूबाई, मोडलेला पाय घेऊन खाटेवर पडलेली, तिला येता येईना. म्हणून माझी सून शीतल हिनं सिंधूचं रडणं मोबाइलवर घेतलं. नेटवर टाकताना तिनं सिंधूला विचारलं, "मावशी, घरच्यांनाच दिसू देऊ का सगळ्यांना?"

सिंधू म्हणाली, "मौतीचं दार कुणी लोटून घेतं का वं? ज्याला यायचं त्याला येऊ दे."

बरोबरच बोलली. आमच्यात मौतीला आमंत्रण नसतं. कुणीही यावं, बसावं, रडावं. पण जाताना त्या घरचं काही न्यायचं नाही. घोटभर पाणीसुद्धा कुणी पीत नाही, सरळ घरी जाऊन आंघोळ करतो. ही रीत सांगावी लागत नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सिंधूला वाटलं, नेटवर येणाऱ्यांनाही असेल. कोमलच्या मैत्रिणी तो व्हिडिओ पाहून रडल्या, मालूबाई रडली. आणखी कोण येऊन बसलं होतं, ते कुणाला दिसलं?

गेल्या साली सिंधूच्या थोरलीला, पूजाला, दिवस गेले. निंबोल्याला दिलीय तिला. सातवा संपत आलेला, पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच यायची होती. आम्ही दोघी ओट्यावर मेथी निवडत होतो, तर घरच्या ग्रुपवर तिच्या दिराचा, गोटूचा, व्हिडिओ आला. पूजा पिशवी भरतेय, अन् मागून एक बाई हेल काढून रडतेय.

"माझी पूजा वं माय... कुठं चालली वं पूजा... तुझी चप्पल दारात राहिली वं..."

आवाज सिंधूचा!

माझ्या हातातली जुडी खाली पडली. सिंधू मोबाइलकडे बघतच राहिली. चप्पल कोमलची होती. दवाखान्यात उचलून नेली तेव्हा दारात राहिलेली, सिंधूनं रडताना सांगितलेली.

मी गोटूला फोन लावून असा झापला की त्याची बोबडीच वळली. "काकू, खरंच मालूम नव्हतं! मजाक केला, वहिनीलाही ऐकवला. त्या ॲपमध्ये 'रोती हुई माँ' म्हणून आवाज आहे, नाव टाकलं का रडतो. चपलेचं तर मी लिहिलंच नाही, त्यानं आपल्या मनानं जोडलं." पोरगा रडकुंडीला आला. त्याला काय बोलणार? कुणाची बस सुटली, कुणाची टीम हरली, सगळे तोच आवाज लावत होते म्हणे.

शीतलनं ॲपवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, अगदी गोड हिंदीत. 'आपकी भावनाओं का हम सम्मान करते हैं', पण त्यांचं मशीन नेटवर सर्वांसाठी खुल्या असलेल्या गोष्टींवरून शिकतं, त्यात गैर काही नाही. आग लागो तुमच्या सन्मानाला! दार उघडं दिसलं म्हणून मयताच्या अंगावरचं वस्त्र ओढून न्याल का रे मुडद्यांनो? पोलिसांत गेलो, तिथला साहेब पोरगेलासाच होता. म्हणाला, "चाची, पब्लिक तो आपने ही किया था ना?" सिंधू मान खाली घालून म्हणाली, "हो साहेब, मीच म्हटलं होतं." मला असा संताप आला! तिचं म्हणणं निराळं होतं, पण ते तिला सांगता येईना अन् त्याला कळेना. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, आणि वर आंधळ्यालाच विचारायचं, जातं उघडं का ठेवलं?

सिंधू शीतलच्या मागेच लागली. "तो व्हिडिओ पुसून टाक वं. मग तर थांबल?"

"मावशी, मशीन शिकून मोकळं झालंय. आपण पुसलं तरी ते विसरणार नाही. आणि कोमलचं तेवढंच तर आहे तुमच्याकडे."

"पुसून टाक. जित्या लेकीसाठी करते मी. कोमल रागावणार नाही."

शीतलच्या मोबाइलमध्येही ठेवू दिला नाही तिनं. पुसला. आठ दिवसांत कोपऱ्यावरच्या पानटपरीवर तोच आवाज दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेऊन रडत होता. सिंधू तिथंच फतकल मारून खाली बसली. हाताला धरून आणली मी तिला.

मग तिनं पूजाला माहेरी आणायलाच नको म्हटलं. पहिलटकरणीला माहेर बंद! निंबोल्याचे लोक नाराज झाले, नामदेव तिच्यावर ओरडला. फोनवरही ती पूजाशी बोलेना. मीच बोलायचे, अन् ती बाजूला पदर तोंडात धरून ऐकायची.

"माझा आवाज नको वं तिच्या कानावर, निर्मलाताई. त्यानं एकदा रडून घेतलंय तिला."

मी समजावलं, शिव्या दिल्या, शेवटी रडले. दगडावर डोकं आपटून काय होतं?

पण देवाला काळजी! पूजा सुखरूप सुटली, मुलगी झाली. बारशाला मी सिंधूला ओढतच निंबोल्याला नेलं. लेक डोळ्यांसमोर धडधाकट बसलेली बघितली अन् बाईच्या जिवात जीव आला. नाव ठेवून झालं. बाया म्हणाल्या, "आजीबाई, आता पाळणा म्हणा." सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "म्हण गं, आता कशाचं भ्या?" तिनं पाळण्याची दोरी धरली, घसा खाकरला अन् कितीतरी महिन्यांनी सूर काढला.

अन् पूजाचा हात पुढं गेला. पोरीचं लक्षही नव्हतं, शेजारणीशी काहीतरी बोलत होती. पण हात आपोआप गेला, अन् तळव्यानं तिनं बाळाचा कान झाकला.

सिंधूनं ते पाहिलं.

पाळणा पहिल्याच ओळीत थांबला. "घसा बसलाय," ती म्हणाली. बाकीच्या बायांनी म्हणून पुरा केला. सिंधू गाणं संपेपर्यंत दोरी ओढत राहिली, तोंड मिटून.