शिबिरात मिळालेली बाटली

त्याचं नाव मला पाठ आहे, पण आमच्या कामात नावं सांगायची नसतात. तो चाकणला कंत्राटी कामगार होता, राहायला निघोज्यात. कंपनीतल्या शिबिरात त्यानं रक्त दिलं आणि मी, रक्तपेढीतली समुपदेशक, त्याला पिंपरीला बोलावून घेतलं.

शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांवरच आला. खुर्चीच्या कडेला टेकला. मी सांगितलं, एचआयव्हीची लागण इतकी ताजी आहे की नेहमीच्या तपासणीत काहीच दिसलं नाही. थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीत तो सापडला. खात्रीसाठी मागच्या आठवड्यात बोलावून पुन्हा घेतलेलं रक्तही तेच सांगतंय. गोळ्या आहेत, लवकर कळलं ते बरं झालं. माझं हे बोलणं घोटून घोटून गुळगुळीत झालेलं.

माणसं आधी स्वतःचं विचारतात. यानं विचारलं, "मॅडम, माझं रक्त कुणाला चढवलं तर न्हाई ना?"

"नाही. ती पिशवी नष्ट केली."

त्यानं सॅकमधून शिबिरात भेट मिळालेली स्टीलची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "मग ही परत घ्या. रक्त काय कामाला आलं न्हाई."

"ठेवा हो. तुमचीच आहे."

त्यानं बाटली उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"घरी पोरगी बी हिच्यातनंच पाणी पिते. चालंल?"

"चालेल," मी म्हणाले. पण नुसतं म्हणून भागणार नव्हतं. मी झाकण उघडलं आणि बाटलीला तोंड लावून पाणी प्यायले.

तेव्हा कुठं तो रडला.