फुगलेले एक्स-रे

मेहकरच्या आमच्या सेंटरमधले एक्स-रे जावास्क्रिप्टमध्ये बनवलेल्या एका डेस्कटॉप अ‍ॅपमधून अकोल्याच्या डॉक्टरांकडे जात. नवं व्हर्जन आलं आणि तिकडे एकही फोटो उघडेना. बाकावर घरात पाय घसरून पडलेल्या जानेफळच्या एक आजी कण्हत होत्या.

"मॅडम, मायले गाडीवर घरी नेऊ का? मुकामार असन," त्यांचा मुलगा म्हणाला.

"थांब ना बाप्पा," म्हणत मी अ‍ॅप बनवणाऱ्याला पुण्याला फोन लावला.

"तुमच्याकडचं नेट गावठी आहे हो," तो म्हणाला.

"गावठी नेटने फाइल तुटेल. इथली फाइल तिकडे जवळजवळ दुप्पट होऊन पोहोचते. वाटेत जेवते का ती?"

शेवटी अ‍ॅपच्या फोल्डरमधला कोड मीच उघडला. अहवालाचा मजकूर वाचायची ओळ या विद्वानाने फोटोलाही जशीच्या तशी चिकटवली होती. त्यामुळे अ‍ॅप फोटोचे बाइट अक्षरं समजून वाचायचं आणि जे कळेना तिथे एका बाइटऐवजी तीन बाइटचं भलतंच चिन्ह भरायचं; म्हणून फाइल फुगायची. 'मजकूर म्हणून वाच' सांगणारा तेवढा शब्द मी काढला. फोटो पुन्हा पाठवला, तिकडे उघडला.

अकोल्याहून उत्तर आलं: खुब्याचं हाड मोडलंय, पाऊल टेकवू देऊ नका.

मुलगा अँब्युलन्स शोधायला पळाला. ते उत्तर मी पुण्यालाही पाठवलं. त्याने नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला.